‘हिजडा’ शिवी म्हणून छापू नका : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

स. न. वि. वि.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात एड्स प्रतिबंधाच्या प्रकल्पात समुपदेशक आहे. हिजडे, जोगते, कोती (बायकी वळणाचे, पुरुषांकडे ओढ असलेले पुरुष), समलिंगी पुरुष यांच्यात माझं रोजचं काम असतं. तपासणीला घेऊन जाणं, गोळ्या सुटू न देणं, पोलीस ठाण्यात सोबत बसणं, आधार कार्डावरचं नाव बदलायचा अर्ज भरून देणं, असं सगळं त्यात येतं. गावागावांत या माणसांना कोणत्या शब्दाने ओळखायचं हे लोक बरंचसं तुमच्या पानांवरून आणि पडद्यावरून शिकतात, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

सरळ मुद्द्यावर येते. ‘हिजडा’ हा शब्द तुम्ही दोन तऱ्हांनी वागवता. बातमी त्या माणसांची असेल तर तो टाळता आणि ‘तृतीयपंथी’ लिहिता. एखाद्या पुढाऱ्याने विरोधकाला भेकड ठरवायला भाषणात तो वापरला, की अवतरणचिन्हं लावून थेट मथळ्यात नेता. ज्यांचं ते नाव आहे त्यांच्या बाबतीत शब्द अशोभनीय, आणि दुसऱ्याला हिणवायला मात्र चालतो. माझं मागणं याच्या उलट आहे. जी व्यक्ती स्वतःला हिजडा म्हणवते तिच्यासाठी तो शब्द मानाने लिहा. भित्रा, नालायक, कुचकामी या अर्थाने ‘हिजडा’, ‘छक्का’, ‘षंढ’, ‘नपुंसक’ हे सगळे मथळ्यांतून आणि अग्रलेखांतून कायमचे काढा.

डेऱ्यावर, म्हणजे गुरू-चेले एकत्र राहतात त्या घरी बसलं की हा शब्द किती वेगळा ऐकू येतो हे तुमच्या बातमीदारांनी एकदा अनुभवायला हवं. तिथे हिजडा असणं म्हणजे कुणाचं तरी असणं. गुरू असतो, गुरूचा गुरू असतो, गुरुभाई असतात, चेले असतात. वर घराणं आणि घराण्याचा नायक असतो. कुणी कुठल्या हद्दीत मंगती करायची, म्हणजे मागायला फिरायचं, बधाईला, म्हणजे लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद द्यायला कुणी जायचं, भांडण झालं तर दंड किती, सगळं ठरलेलं असतं. आजारपणात उशाशी कोण बसणार हेही ठरलेलं असतं, आणि ते मी दवाखान्यात कितीतरी वेळा पाहिलं आहे. जन्मदात्या घराने दार लावलेल्या पोरीसाठी रात्रभर जागणारी तिची गुरू ‘मी हिजडा आहे’ म्हणते तेव्हा ती आपलं कुळ सांगत असते. आमच्याकडच्या एका वयस्क गुरूंनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, “तृतीयपंथी कागदावर लिव्ह बाई. इथं हिजडाच म्हण. पण छक्का म्हणालीस तर परत पाय ठेवू नकोस.” त्या एका वाक्यात जो भेद आहे, तो आपल्या भल्या मोठ्या वर्तमानपत्रांत अजून आलेला नाही.

हा शब्द शिवी कसा झाला याला इतिहास आहे. मराठेशाहीत दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे वतनं होती, इनाम जमिनी होत्या, गावांकडून धान्य-पैसा घेण्याचे वंशपरंपरागत हक्क होते. इथे वंश म्हणजे गुरू-चेल्यांचा. दप्तरांत त्यांची नोंद हक्कदार म्हणून होती. कंपनी सरकार आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या हक्कांना कात्री लागली, कारण असल्या लोकांच्या मागण्याला सरकारने मान्यता देणं साहेबाला पटत नव्हतं. जमीन गेली, सनद गेली, मागणं तेवढं उरलं. कालचा हक्क आज भीक झाला, आणि आज सिग्नलवर तुम्हाला जे दिसतं त्याची मुळं बरीचशी तिथे आहेत.

पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. फासेपारध्यांसारख्या जमातींवर या कायद्याने काय आणलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्यात त्यांची नावं-पत्ते सरकारी नोंदवहीत घालायची तरतूद होती. नोंदवहीतली व्यक्ती बायकी कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, किंवा लोकांपुढे नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा आधी उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला. निजामाच्या राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, तशाच धर्तीचा कायदा झाला, आणि मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. तेलंगणातल्या कायद्याच्या पुस्तकात तो तसाच पडून होता. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला जुलै २०२३ मध्ये.

त्या कायद्याची भाषा आपल्या बातम्यांत आजही आहे, आणि ती मी जवळून पाहिली आहे. आमच्याकडची एक तरुण चेला महामार्गावर टेम्पोच्या धडकेत गेली. दुसऱ्या दिवशी बातमी आली : ‘स्त्रीवेशातील तरुणाचा अपघाती मृत्यू’. खाली तिचं लहानपणचं नाव, मग ‘ऊर्फ’, मग तिचं खरं नाव. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र तिने काढलेलं होतं, आधारही नव्या नावाचं होतं. अर्ज मीच भरून दिले होते. तिच्या गुरू वार्ताहराकडे गेल्या. तो म्हणाला, ठाण्याच्या प्रेसनोटमध्ये जसं आलं तसं मी दिलं. ठाण्यात म्हणाले, घरच्यांनी जे नाव सांगितलं ते आम्ही घेतलं. घरच्यांनी तिला कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं. गुरू मला एवढंच विचारत होत्या, “मी रोज ज्या नावानं हाक मारली ते ऊर्फ कसं काय गं?”

‘ऊर्फ’ हा आपल्या भाषेतला तसा चांगला शब्द. लोकांनी प्रेमाने दिलेलं नाव आपण ऊर्फ लावून सांगतो. पण गुन्हेवृत्ताच्या पानावर तो आला की वाचणाऱ्याच्या मनात टोपणनावाने वावरणारा आरोपीच येतो. अपघातात मेलेल्या मुलीची बातमी त्याच साच्यात बसवली की ती मेल्यावरही संशयित ठरते. आणि ‘स्त्रीवेशातील’ म्हणजे काय? ती रोज साडी नेसायची. वेश घेतला नव्हता तिने. १८७१ च्या कायद्याने बायकी कपड्यांना गुन्हा केलं. आपण तोच कपडा बातमीची ओळख करतो. प्रेसनोट आहे तशी उतरवायची सवय मोडली तर यातलं बरंचसं आपोआप थांबेल. एक फोन गुरूंना केला असता तर नाव बरोबर आलं असतं. बाकीच्या मृतांच्या बातमीत तुम्ही नातेवाइकांना फोन करताच ना?

तुम्ही म्हणाल, ‘हिजडा’ छापला तर वाचकच आम्हाला दोष देतील, म्हणून ‘तृतीयपंथी’ हा सभ्य शब्द घेतला. हेतू चांगला होता हे मी मान्य करते. हा शब्द रुळला त्यामुळे शासकीय परिपत्रकांत, अर्जांवर जागा झाली. पण सगळ्यांना एकच शब्द लावून तुम्ही वेगळाच घोळ करून ठेवला आहे. पंथ म्हटलं की आपल्याला नाथपंथ, महानुभाव पंथ आठवतात; दीक्षा, गुरू, आचार आठवतात. डेऱ्यात राहणाऱ्यांना ते शोभतं. पण कॉलेजात शिकणारी, आईवडिलांकडे राहणारी, कुठल्याही गुरूची चेला नसलेली, मुलगा म्हणून वाढवली गेलेली ट्रान्स मुलगी कुठल्या पंथाची? तिला आपण स्त्री आहोत एवढंच म्हणायचं असतं. काही जणी ‘पारलिंगी’ म्हणतात, काही ‘ट्रान्सवुमन’, काहींना ‘किन्नर’ आवडतो. २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात किन्नर आखाडा उतरला तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही वाढला. त्याला तिकडे हिमाचलातल्या किन्नौरच्या लोकांची हरकत आहे, कारण ते त्यांच्या जमातीचं नाव. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले आमच्याकडचे जोगते आणखी वेगळे. त्यातल्या कित्येकांना हिजडा म्हटलेलं अजिबात खपत नाही, त्यांची ओळख देवीच्या परडीशी आणि ‘जगा’शी, म्हणजे देवीचा मुखवटा बसवून डोक्यावर घेतात त्या टोपलीशी आहे. तुम्ही सगळ्यांना एका खोक्यात टाकता आणि पुढे ‘टोळी’ जोडता.

ट्रान्स पुरुषांचं तर नावच नाही. ‘तृतीयपंथी’ म्हटल्यावर तुमच्या वाचकाला साडी आणि टाळी दिसते. दाढी राखलेला, पँट-शर्ट घालून कारखान्यात पाळी करणारा तरुण, जो मुलगी म्हणून वाढवला गेला, तो त्यात कुठेच बसत नाही. आमच्या प्रकल्पाच्या नोंदवहीतही त्याला रकाना नाही. तिथे एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि हिजडा-टीजी (ट्रान्सजेंडर) एवढेच. असा एक जण आमच्याकडे आला तो आजारासाठी आलाच नव्हता. त्याला घरच्यांना वाचायला देता येईल असं मराठीतलं काहीतरी हवं होतं, ज्यात त्याच्यासारख्या माणसाला नीट शब्द वापरलेला असेल. वर्तमानपत्राचं कात्रण चालेल म्हणाला, कारण वडील तेवढंच वाचतात. मी शोधलं. त्याच्या वडिलांच्या हातात देता येईल असं मला एकही सापडलं नाही.

कायदा तुमच्यापेक्षा पुढे गेलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांचं खंडपीठ होतं. त्यात दोन गोष्टी आहेत. हिजड्यांना तृतीय लिंग म्हणून मान्यता, आणि कुठल्याही ट्रान्सजेंडर व्यक्तीला आपण पुरुष, स्त्री की तृतीयलिंगी हे स्वतः ठरवण्याचा हक्क. यातली पहिली बातमी तुम्ही जोरात छापली, दुसरी विसरून गेलात. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने व्याख्येत ‘किन्नर, हिजडा, अरवाणी, जोगता’ हे शब्द सामाजिक-सांस्कृतिक ओळखी म्हणून घातले. संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात जो शब्द आहे त्याला अश्लील समजायचं कारण नाही. त्याच यादीतल्या ‘अरवाणी’चं मात्र ऐकण्यासारखं आहे. तमिळनाडूत ट्रान्स स्त्रियांसाठीचा तो शब्द तोवर लोक मागे टाकून ‘तिरुनंगै’वर आले होते, आणि दिल्लीच्या कायद्यात जुनाच राहिला. शब्द ज्यांचे आहेत ते त्यांना बदलत नेतात. बाहेरच्यांनी एकदा कोशात घातला म्हणजे काम संपत नाही.

आपल्याकडे राजकारणातही हे घडून गेलं. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने तृतीयपंथी असलेल्या ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच केलं. गाव त्यांना ‘माऊली’ म्हणतं. माळशिरस तालुक्यातलं, पालखीच्या वाटेच्या मुलखातलं गाव ते. माऊली हा शब्द तिथे कुणाला सहज लावत नाहीत. जळगावजवळच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तो बाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की त्या स्वतःला स्त्री म्हणतात, तर महिलांच्या जागेवर उभ्या राहू शकतात. त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्यांची ओळख ही बातमीच होती, ती सांगायलाच हवी होती. पण ‘तृतीयपंथी उमेदवार विजयी’ एवढ्यावर थांबलं की उच्च न्यायालयात त्या नेमकं काय जिंकल्या तेच वाचकाला कळत नाही. महिलांच्या जागेवर महिला म्हणून निवडून आल्या, हे मथळ्यात मावण्याइतकं लहान वाक्य आहे.

आता क्रियापदाचं. इंग्रजी वर्तमानपत्रांत सर्वनामांवर जो वाद चालतो तो आपण जसाच्या तसा आणायची गरज नाही. आपल्या भाषेत माणूस बोलायला लागला की बहुतेक वेळा त्याचं लिंग तोच सांगून जातो. ती म्हणते, ‘मी आले, मी दमले.’ तो म्हणतो, ‘मी आलो, मी दमलो.’ उत्तर न विचारता मिळालेलं असतं. तरी मुलाखतीत ‘मी शिकले, मी झगडले’ असं तिच्या तोंडी छापून वरच्या ओळीत ‘तो म्हणाला’ येतं. हे मुद्रितशोधनात पकडता येण्यासारखं आहे. (आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, त्यामुळे इकडच्या बातमीदाराने नुसत्या क्रियापदावर विसंबू नये, तोंडाने विचारावं.) आणि आदरार्थी बहुवचन आपल्याकडे आहेच. साध्या नगरसेविकेला तुम्ही ‘त्या’ म्हणता, मग पंचवीस माणसांचा डेरा सांभाळणाऱ्या गुरूला ‘तो’ का? कुणीकुणी ‘ते आलं, ते बसलं’ असं नपुंसकलिंग वापरतात. ते सरळ सरळ माणसाला वस्तूत काढणं आहे, छापील मजकुरात त्याला जागा नको.

शिवीकडे परत येते, कारण खरं नुकसान तिथे आहे. ‘षंढ सरकार’, ‘नपुंसक प्रशासन’, ‘आम्ही काय बांगड्या भरल्यात का’. मोर्चात अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवल्याचा फोटो दर वर्षी कुठे ना कुठे छापला जातो. वाचणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की मूल जन्माला घालू न शकणारा, बाईसारखा दिसणारा, बांगड्या घालणारा माणूस म्हणजे निरुपयोगी. तोच पेपर शाळेत जातो. तिथे वर्गात थोडा नाजूक चालणारा मुलगा असतो. ‘बायल्या’, ‘पावली कम’, ‘छक्का’ त्याला आधीपासून ऐकू येतच असतं. मोठ्या नेत्याच्या तोंडी मोठ्या अक्षरांत तोच शब्द दिसला की पोरांना परवानगी मिळाल्यासारखं होतं. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची शाळा सातवी-आठवीत सुटली आहे. कारण विचारलं की अभ्यास जमला नाही असं फार थोडे सांगतात. मुतारीत गाठायचे, म्हणून सुटली, असं सांगतात. नेत्याचं वाक्य बातमी म्हणून द्यावंच लागतं, हे मला कळतं. मग मजकुरात द्या, तो काय म्हणाला ते सांगा, पण मथळा त्याच्या शिवीचा करू नका. जातिवाचक शिवी कुणी भाषणात दिली तर तुम्ही ती मथळ्यात घालत नाही. ते भान तुमच्याकडे आहेच, ते इथवर आणा.

‘अनैसर्गिक’ हा शब्दही असाच काढायचा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ च्या भाषेतून तो पोलिसांकडे आला, पोलिसांकडून तुमच्याकडे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधला संमतीचा संबंध त्या कलमातून बाहेर काढला. तरी लहान मुलावरच्या अत्याचाराची बातमी ‘अनैसर्गिक कृत्य’ म्हणून येते, आणि अत्याचार करणारा पुरुष असेल तर ‘समलैंगिक’ हा शब्दही कुठेतरी चिकटतो. मुलावर झाला तो अत्याचार आहे, बलात्कार आहे. त्याला तसंच म्हणा. समलिंगी माणसांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तमिळनाडूत काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ पासून न्या. एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे एका समलिंगी जोडप्याच्या प्रकरणात सुनावणी चालली, आणि त्यातून राज्य सरकारला माध्यमांसाठी, पोलिसांसाठी आदराच्या शब्दांची यादी करावी लागली. समाजातल्या लोकांशी बोलून ती तयार झाली आणि २०२२ मध्ये राजपत्रात आली. महाराष्ट्रात आपण न्यायालयाने सांगण्याची वाट बघू नये असं मला वाटतं. आपल्याकडे समलिंगी माणसांचं ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक १९९० मध्ये निघालं, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी मराठीतल्या आत्मकथनाच्या नावातच हिजडा हा शब्द घेतला, दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात. शब्द विचारायला माणसं नाहीत अशी स्थिती नाही.

तुमच्या प्रत्येक कार्यालयात शुद्धलेखनाची, नावांच्या लेखनाची पुस्तिका असते. तिच्यात एक पान वाढवा. व्यक्तीला विचारून शब्द लिहायचा; विचारणं शक्य नसेल तर ओळख बातमीशी संबंधित आहे का ते आधी बघायचं आणि नसेल तर लिहायचीच नाही; चोरीच्या बातमीत कुणी हिंदू-मराठा असं लिहीत नाही तसं इथेही. चालू नाव आधी, जुनं नाव कायद्याने लागत असेल तरच. ‘स्त्रीवेशातील’ आणि भेकड या अर्थाच्या शिव्या बाद. हे पान जिल्हा आवृत्त्यांपर्यंत आणि तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत जाऊ दे, कारण मुंबई-पुण्याच्या पुरवण्यांत जूनमध्ये, प्राइडच्या महिन्यात, चांगले लेख येतात आणि जुलैत तालुक्याच्या पानावर ‘तृतीयपंथीयांचा धुडगूस’ येतो.

शब्दांवर समाजातही एकमत नाही, आणि ते होईल असं मी सांगणार नाही. आमच्याच डेऱ्यावर पंचविशीतली चेला आणि साठीतली गुरू यावर भांडतात. ते भांडण ऐकायला तुमचा कुणी उपसंपादक यायला तयार असेल तर मी ओळख करून देईन. गुरुवारी मंगती असते, इतर दिवशी दुपारी तीननंतर सगळ्या घरात असतात. आधी फोन करून यावं, कॅमेरा आणू नये, आणि चहा नाकारू नये.

आपली,
एक समुपदेशक